बरोक चित्रांतल्या बायबलच्या बायका आणि पुरुष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरोक म्हणजे नक्की कुठलं आणि कधीचं?

बरोक ही चित्रकलेची एक शैली, साधारण १६०० च्या आसपास रोममध्ये सुरू झाली आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं युरोपभर चालली. काळोखी बॅकग्राउंड, एका बाजूने येणारा लाइट, माणसं अगदी फ्रेमच्या तोंडाशी आलेली, आणि गोष्टीतला सगळ्यात ताणलेला क्षण पकडलेला. कॅराव्हाज्जो, रुबेन्स, रेम्ब्रांट, ग्विदो रेनी, आर्तेमिसिया जेंतिलेस्की या चित्रकारांची नावं इथे सारखी येतील.

धार्मिक चित्रं आहेत ना, मग त्यात स्त्री-पुरुष भेदाचा विषय कुठून आला?

तो चित्रातच आहे, बाहेरून आणावा लागत नाही. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेच्या शेवटच्या बैठकीत कॅथलिक चर्चने चित्रांबद्दल ठराव केला, त्यात म्हटलं की चित्रांनी लोकांना श्रद्धा शिकवावी आणि त्यात कामुकपणा नसावा. पण चित्रं विकत कोण घेत होतं? कार्डिनल, ड्यूक, बँकर, श्रीमंत व्यापारी, आणि त्यांना घरच्या भिंतीवर लावायला सुंदर आणि शक्यतो उघड्या अंगाची बाई हवी असायची. मग सोय कुठे होती, तर बायबलमध्ये. सुझाना आंघोळ करतेय, बथशेबा आंघोळ करतेय, मग्दालीया पश्चात्ताप करतेय. विषय पवित्र, त्यामुळे कुणी बोलायला नको.

आता माझं म्हणणं एवढंच आहे, आणि खालची सगळी उत्तरं त्यावरच उभी आहेत: आधी मूळ मजकूर वाचा, मग चित्र बघा, आणि मजकुरात नसलेलं काय घातलंय आणि असलेलं काय गाळलंय ते शोधा. त्या फरकात त्या काळाची नीती दिसते. कॅनव्हासवरचा दोष बरेचदा बाईकडे सरकलेला असतो आणि मूळ गोष्टीत तो तिथे नसतोच.

सुझानाची गोष्ट आमच्या बायबलमध्ये सापडत नाही, असं का?

कारण तुमच्याकडे बहुतेक प्रोटेस्टंट आवृत्ती आहे. सुझानाची गोष्ट दानीएलच्या पुस्तकाच्या ग्रीक रूपात आहे, कॅथलिक बायबलमध्ये तो दानीएलचा १३ वा अध्याय. जुडिथचं पुस्तकही तसंच, कॅथलिकांना मान्य, प्रोटेस्टंटांच्या मुख्य ग्रंथात नाही. मराठीतही हाच फरक आहे, त्यामुळे कॅथलिक आवृत्ती मागून घ्या.

गोष्ट थोडक्यात अशी. बाबेलमध्ये योआकीम नावाच्या श्रीमंत माणसाची बायको सुझाना. त्याच्या घरी येणारे दोन म्हातारे, जे लोकांचे न्यायाधीशही आहेत, बागेत लपून राहतात आणि ती एकटी पडल्यावर पुढे येऊन सांगतात की आमचं ऐक, नाहीतर तू एका तरुणाबरोबर होतीस अशी साक्ष देऊ. तिला माहीत असतं की हो म्हटलं तरी मरण आणि नाही म्हटलं तरी यांच्या तावडीतून सुटका नाही, आणि तरी ती ओरडते. दुसऱ्या दिवशी भरल्या सभेत खोटी साक्ष होते, लोक विश्वास ठेवतात, तिला मरणाची शिक्षा होते. मग तरुण दानीएल उभा राहतो, दोघांना वेगवेगळं करून विचारतो की कुठल्या झाडाखाली बघितलंत, आणि दोघं दोन वेगळी झाडं सांगतात. तिथे खटला उलटतो आणि म्हाताऱ्यांना शिक्षा होते.

बघा ना, जगातल्या सगळ्यात जुन्या उलटतपासणीच्या गोष्टींपैकी एक आहे ही! एक बाई नाही म्हणते, ओरडते, प्रार्थना करते, आणि दोन सत्ताधारी पुरुष खोटे पडतात. आणि चित्रकारांनी एवढ्या गोष्टीतून काय उचललं? बहुतेकांनी फक्त आंघोळ. खटला, झाडांचा प्रश्न, लोकांसमोर उभी असलेली सुझाना, हे त्या मानाने फार कमी रंगवलं गेलं.

पण एखादी आंघोळ करणारी बाई सुंदर काढली तर त्यात वाईट काय?

सुंदर काढण्यात काही वाईट नाही. प्रश्न बघणारा कुठे उभा राहतो याचा आहे. बऱ्याच सुझाना चित्रांत तिचं अंग आपल्याकडे वळवलेलं असतं, म्हातारे मागे झुडपात, म्हणजे आपण त्यांच्यापेक्षाही जवळ, त्यांच्यापेक्षाही चांगल्या जागेवर. आणि तिचा चेहरा कधी गोंधळलेला, कधी नुसताच लाजरा. मजकुरातली सुझाना मरण पत्करून ओरडणारी आहे, ती अशा चेहऱ्यात सापडत नाही. रेम्ब्रांटची १६३६ ची सुझाना, जी हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये आहे, ती मात्र अवघडून, अंग चोरून बसलीय आणि थेट आपल्याकडे बघतेय, जणू तिला दचकवणारे आपणच. म्हातारे झुडपात इतके दडलेत की शोधावे लागतात. मला ते चित्र फार प्रामाणिक वाटतं, कारण बघणारा त्यातून सुटत नाही.

आर्तेमिसियाच्या सुझानाबद्दल एवढं का बोलतात?

कारण ती खरंच वेगळी आहे. आर्तेमिसिया जेंतिलेस्की, जन्म १५९३, रोम, चित्रकार ओराझियोची मुलगी. तिने १६१० मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, सुझाना रंगवली आणि सही केली. चित्र आज जर्मनीत पॉमर्सफेल्डनला आहे.

त्यात बाग नाही, झाडं नाहीत, कारंजं नाही. फक्त थंड दगडी बाक, मागे दगडी भिंत, आणि त्या भिंतीवरून दोन पुरुष खाली झुकलेत, एकाच्या कानात दुसरा काहीतरी सांगतोय, आणि एकाचं बोट ओठांवर, गप्प बस. सुझाना अंग पिळवटून तोंड फिरवतेय, दोन्ही हात वर करून ढकलतेय. पोट, मांड्या, मानेजवळची वळी, सगळं खऱ्या बाईसारखं आहे आणि त्या अंगाला त्रास होतोय हे दिसतं. सतरा वर्षांच्या मुलीला हे कुठून कळलं असं लोक विचारतात, मला तर वाटतं सतरा वर्षांच्या कुठल्याही मुलीला हे कळतं, रंगवता मात्र तिच्यासारखं सगळ्यांना येत नाही.

म्हणजे तिच्यावर बलात्कार झाला म्हणून तिने हे काढलं ना?

नाही, तारखा जुळत नाहीत. चित्र १६१० चं. आगोस्तिनो तास्सी, वडिलांबरोबर काम करणारा चित्रकार, त्याने तिच्यावर बलात्कार केला १६११ मध्ये. खटला १६१२ मध्ये रोममध्ये चालला, महिनोन्‌महिने, आणि त्याची कागदपत्रं अजून आहेत. तक्रार वडिलांनी केली, कारण कायद्याच्या नजरेत मुलीचं कौमार्य हा घराण्याच्या अब्रूचा मामला होता. तिची सुईणींकडून तपासणी झाली. आणि तिची साक्ष खरी आहे का हे बघायला तिच्या बोटांना दोऱ्या बांधून त्या आवळल्या, एका चित्रकाराची बोटं ती, आणि आवळत असताना ती म्हणत राहिली की खरं आहे, खरं आहे. छळ तिचा झाला, आरोपीचा नाही. तास्सी दोषी ठरला, त्याला रोममधून हद्दपार करायची शिक्षा झाली, ती धड अमलात आलीच नाही.

खोट्या साक्षीला उभं राहिलेल्या सुझानाची गोष्ट आणि ही केस शेजारी ठेवली की अंगावर काटा येतो, पण चित्र आधीचं आहे हे विसरू नका. तिचं सगळं काम त्या एका घटनेतून आलं असं म्हटलं की तिचं शिक्षण, तिचा रंग, तिची मेहनत सगळं बाजूला पडतं.

व्हॉट्सॲपवर एक एक्स-रे फिरतो, सुझाना किंचाळतेय आणि तिच्या हातात सुरा आहे. आर्तेमिसियाने आधी तसं काढलं होतं का?

नाही. ते अमेरिकन चित्रकार कॅथलीन गिल्ज हिचं १९९८ चं काम आहे. तिने आर्तेमिसियाच्या चित्राची प्रतिकृती केली, खालच्या थरात स्वतःच्या कल्पनेतली किंचाळणारी सुझाना काढली, आणि मग स्वतःच्या चित्राचा एक्स-रे घेतला. कलाकृती म्हणून विचार करायला लावणारी आहे, पण १६१० चा पुरावा म्हणून पुढे पाठवू नका. कुणी पाठवलं तर शांतपणे हे सांगा.

जुडिथच्या चित्रांत एवढं रक्त का? ती नायिका आहे की खुनी?

मजकुरात नायिका. बेथुलिया नावाच्या गावाला होलोफर्नेस या सेनापतीच्या सैन्याने वेढा घातलाय, पाणी तोडलंय, गावातले पुरुष शरण जायच्या तयारीत आहेत, आणि जुडिथ ही विधवा दागिने घालून शत्रूच्या छावणीत जाते, त्याला दारू पिऊन झोपू देते, प्रार्थना करते, आणि त्याच्याच तलवारीने मानेवर दोन घाव घालते. परत आल्यावर ती मुद्दाम सांगते की त्याने मला हात लावून भ्रष्ट केलं नाही. म्हणजे मजकुरालाही तिच्या चारित्र्याची काळजी आहेच, गाव वाचवून आलेल्या बाईलाही आधी हेच सांगावं लागतं.

कॅराव्हाज्जोने साधारण १५९९ मध्ये काढलेली जुडिथ रोमच्या बार्बेरिनी राजवाड्यातल्या म्युझियममध्ये आहे. मुलगी तरुण, कपाळाला आठी, हात लांब करून उभी, जणू जवळ जायला नको वाटतंय. शेजारी सुरकुतलेली म्हातारी दासी पिशवी घेऊन तयार. ग्रेट पेंटिंग आहे, पण त्या हातांनी मान तुटेल असं मला वाटत नाही.

आर्तेमिसियाने हा प्रसंग दोनदा केला. एक नेपल्सच्या कापोदीमोंते म्युझियममध्ये, १६१२-१३ च्या सुमाराचं, आणि दुसरं मोठं फ्लॉरेन्सच्या उफ्फिझीमध्ये, साधारण १६२० चं. दोन्हीत बाह्या वर सरकवलेल्या, दंड जोरात, एका मुठीत त्याचे केस. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दासी. मजकुरात दासी बाहेर थांबलेली असते, मुंडकं नंतर तिच्या पिशवीत जातं. आर्तेमिसियाने तिला आत आणलं, म्हातारीची तरुण केली आणि त्या सेनापतीला दाबून धरायला लावलं. दोन बायका मिळून एक अवघड काम करतायत. मजकुरात नसलेली भर इथेही आहे, पण ती कुठल्या बाजूला झुकते ते बघा.

याला नुसता तास्सीवरचा सूड म्हणू नका. जुडिथ हा त्या वेळी चालणारा विषय होता, ऑर्डर येत होत्या, आणि आर्तेमिसिया पोटापाण्यासाठी चित्रं करणारी बाई होती. १६३५ मध्ये तिने गॅलिलिओला लिहिलेलं पत्र आहे, त्यात फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातल्या ड्यूकला दिलेल्या जुडिथच्या चित्राचे पैसे त्याच्या मदतीने मिळाले होते याची आठवण ती काढते. राग असेल, का नसावा, पण त्याबरोबर व्यवहारही होता.

याच्या उलट बाजूला क्रिस्तोफानो आल्लोरीची १६१३ ची जुडिथ बघा, ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातली. जुन्या चरित्रकाराने लिहिलंय की जुडिथ म्हणजे त्याची प्रेयसी आणि कापलेलं मुंडकं त्याचं स्वतःचं. गाव वाचवणारी बाई तिथे पुरुषाचा जीव घेणारी सुंदरी होऊन जाते, वेढा आणि तहानलेलं गाव चित्राबाहेर राहतं.

रेम्ब्रांटच्या बथशेबाच्या हातात पत्र कसलं?

माझं सगळ्यात आवडतं चित्र, म्हणून जरा लांब लिहितो.

२ शमुवेल, अध्याय ११. दावीद राजा संध्याकाळी गच्चीवर फिरतोय, खाली एक बाई आंघोळ करताना दिसते, तो चौकशी करतो, कळतं की ती उरीया या त्याच्याच सैनिकाची बायको, तरी माणसं पाठवून तिला आणवतो. ती गरोदर राहते. मग तो उरीयाला लढाईतून घरी बोलावतो, म्हणजे मूल त्याचं वाटेल, पण उरीया घरी झोपायला जात नाही. शेवटी दावीद सेनापती यवाबाला पत्र लिहितो की उरीयाला लढाईच्या तोंडावर ठेवा आणि मागे सरा, आणि ते पत्र उरीयाच्याच हाती पाठवतो. उरीया मरतो. पुढच्या अध्यायात नाथान संदेष्टा येऊन राजाला तोंडावर सांगतो की तो माणूस तूच. मजकुराने दोष दिलाय तो दावीदला. बथशेबाला काय वाटलं, ती हो म्हणाली का, राजाला नाही म्हणणं शक्य होतं का, यावर एक ओळ नाही.

आणि बथशेबाला पत्र आलं असंही कुठे नाही. पत्र आहे ते एकच, मारेकरी पत्र. चित्रकारांनी तिच्या हातात पत्र दिलं आणि त्यातून बरेचदा ती प्रेमाचा निरोप वाचणारी, मोहात पडणारी बाई झाली.

रेम्ब्रांटने १६५४ मध्ये काढलेल्या चित्रातही पत्र आहे, पॅरिसला लूव्रमध्ये बघायला मिळतं. पण त्याने दावीदला काढलंच नाही. गच्ची नाही, राजा नाही. एक पूर्ण मापाची, साधी, जड अंगाची बाई, पायाशी म्हातारी दासी, हातात वाचून झालेलं पत्र, आणि नजर कुठेच नाही. तिला पुढचं सगळं कळलंय असं वाटतं. तिने ठरवायचं काही उरलेलं नाही तरी विचार तिलाच करावा लागतोय. चेहऱ्याकडे बघत राहिलं की तिच्या उघड्या अंगाचं भान जातं आणि तिच्या जागी आपण काय केलं असतं हे मनात येतं.

त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या रिफॉर्म्ड चर्चच्या मंडळाने हेंड्रिक्ये स्टॉफेल्स या बाईला बोलावून घेतलं, कारण ती रेम्ब्रांटबरोबर लग्नाशिवाय राहत होती आणि गरोदर होती. तिने कबूल केलं आणि तिला प्रभुभोजनाला बंदी झाली. ऑक्टोबरमध्ये मुलगी झाली, कॉर्नेलिया. बथशेबासाठी मॉडेल हेंड्रिक्येच होती असं बरेच जण मानतात, कागदोपत्री पुरावा नाही, पण एवढं नक्की की त्या घरात त्या वर्षी बाईची नीती हा विषय ताजा होता.

दलीला वेश्या होती ना?

बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाचा १६ वा अध्याय वाचा, कुठेही तसं म्हटलेलं नाही. शमशोन या अचाट ताकदीच्या माणसाचं तिच्यावर प्रेम बसलं एवढं आहे. त्याच्या शत्रूंनी, म्हणजे पलिष्टी सरदारांनी, प्रत्येकी अकराशे चांदीची नाणी कबूल करून तिच्याकडून त्याच्या ताकदीचं गुपित काढून घेतलं. रुबेन्सने १६०९-१० च्या सुमारास ॲन्टवर्पच्या निकोलास रॉकॉक्ससाठी हे चित्र केलं, आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात मागे मेणबत्ती धरलेली म्हातारी आहे, कुंटणखान्याची मालकीण वाटावी अशी, आणि कोनाड्यात व्हीनस आणि क्युपिड या रोमन प्रेमदेवतांची मूर्ती. हे दोन्ही रुबेन्सने आणलेलं. झालं, दलीला धंदेवाली ठरली. तरीही तो मोठा चित्रकार, त्यामुळे तिचा एक हात शमशोनच्या पाठीवर त्याने इतका मऊ ठेवलाय की तिला वाईट वाटतंय का असा प्रश्न पडतोच. पैसे देणारे सरदार मात्र कुठे आहेत? दारात सैनिक आहेत फक्त.

मरीया मग्दालीया?

तिच्यावर सगळ्यात मोठा अन्याय झालाय. शुभवर्तमानात ती येशूबरोबर फिरणारी, क्रुसाजवळ थांबलेली आणि उठलेल्या येशूला आधी भेटलेली. तिच्यातून सात भुतं काढली असं आहे, पण ती वेश्या होती असं नाही. ५९१ मध्ये पोप ग्रेगरी पहिला यांनी एका प्रवचनात तिला, लूकमधल्या पापी बाईला आणि बेथानीच्या मरीयेला एकच ठरवलं, आणि पश्चिमेत तेच रुजलं. कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये ते वेगळं केलं.

बरोक काळात कन्फेशनवर, म्हणजे पाद्र्यापुढे पापाची कबुली देण्यावर, चर्चचा जोर होता, म्हणून पश्चात्तापी मग्दालीयेची चित्रं भरपूर. त्यातली बरीचशी खांदे उघडे, केस मोकळे, डोळे वर. कॅराव्हाज्जोची तरुणपणातली मग्दालीया वेगळी आहे, एक साधी मुलगी बुटक्या खुर्चीवर बसलीय, दागिने जमिनीवर टाकलेत, गालाशी एक अश्रू. आणि फ्रान्समध्ये जॉर्ज द ला तूरने १६४० च्या आसपास तिला रात्री दिव्यासमोर कवटी घेऊन विचार करत बसवलं. तिथे ती विचार करणारं माणूस आहे.

पुरुषावर जबरदस्तीची गोष्ट नाही का?

आहे, योसेफ आणि पोटीफरची बायको, उत्पत्ति ३९. ती रोज मागे लागते, तो नकार देतो, एक दिवस वस्त्र तिच्या हातात राहतं आणि तेच खोटा पुरावा होतं, योसेफ तुरुंगात जातो. तो पोटीफरचा गुलाम आहे हे विसरू नका, म्हणजे सत्तेचा प्रश्न इथेही आहे आणि तो खरा आहे. ग्विदो रेनी, ओराझियो जेंतिलेस्की, रेम्ब्रांट, सगळ्यांनी रंगवलं. मी बघितलेल्या चित्रांत योसेफचा नकार कधी धूसर नाही, हात ढकलतोय किंवा पाय दाराकडे. चित्रकाराला पुरुषाचं नाही स्पष्ट काढता येतं, मग सुझानाचंही आलं असतं.

लोट आणि त्याच्या मुली हा विषय इतका लोकप्रिय का?

उघडं कारण आहे, दारू आणि तरुण मुली. गोष्ट उत्पत्ति १९ मधली. सदोम शहर जळाल्यावर लोटच्या मुलींना वाटतं की जगात पुरुषच उरला नाही आणि त्या बापाला दारू पाजतात. त्याच अध्यायात आधी याच बापाने याच मुली जमावापुढे करायची तयारी दाखवलेली असते, ते चित्रात फारसं येत नाही.

चित्रकार बाई असली की चित्र आपोआप बाईच्या बाजूचं होतं का?

नाही, आणि तसं म्हणणं त्यांच्यावरही अन्याय. मिलानची फेदे गालिझिया, बोलोन्याची लाविनिया फोन्ताना, एलिझाबेत्ता सिरानी, सगळ्यांनी जुडिथ काढली, बहुतेक शांत आणि दागिन्यांनी मढलेली, गिऱ्हाइकाला आवडेल अशी. सिरानी अवघ्या २७ व्या वर्षी १६६५ मध्ये गेली, पण तेवढ्यात तिने स्टुडिओ चालवला आणि मुलींना शिकवलं. आणि बायकांना नग्न पुरुष मॉडेलसमोर बसून शिकायची मुभा नव्हती, बायबलचे मोठे प्रसंग त्याशिवाय काढणं किती कठीण ते बघा. आर्तेमिसिया १६१६ मध्ये फ्लॉरेन्सच्या चित्रकला अकादमीत घेतली गेलेली पहिली बाई.

चारशे वर्षांपूर्वीच्या लोकांना आजच्या मोजपट्टीने का मोजता?

मी मोजपट्टी मजकुराची लावतोय, ती तर आणखी जुनी आहे. दावीदला नाथान संदेष्ट्याने झापलं, म्हाताऱ्यांना दानीएलने पकडलं. १६१२ च्या रोममध्ये एका मुलीने कोर्टात उभं राहून सांगितलं की माझ्यावर जबरदस्ती झाली. त्या काळाला हे कळत होतं. ज्यांनी तरी वेगळं रंगवलं त्यांनी तसं निवडलं, आणि कौशल्याचं कौतुक करताना ती निवडही बघायला हवी.

आपल्याकडे याचं काही आहे का?

गोव्यात आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण राचोलला १६१६ मध्ये छापलं गेलं, आर्तेमिसिया अकादमीत गेली तेच वर्ष. त्याच्या पहिल्या भागात जुन्या कराराच्या गोष्टी आहेत, म्हणजे युरोप ज्या गोष्टी रंगवत होता त्या इथे ओवीत ऐकल्या जात होत्या. आणि जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीखालचा संगमरवरी चौथरा बघा, तो फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने केला, तिसरा कोसिमो दे मेदिची याने दिला आणि १६९८ मध्ये तिथे बसवला गेला. आर्तेमिसियाला काम देणारा दुसरा कोसिमो या तिसऱ्याचा आजोबा.

ही चित्रं कुठे बघू, सुरुवात कशाने करू?

म्युझियमच्या स्वतःच्या साइटवर किंवा गुगल आर्ट्स अँड कल्चरवर, मोठ्या साइझमध्ये, मोबाइलपेक्षा लॅपटॉपवर. आधी दानीएल १३ वाचा, दहा-पंधरा मिनिटं लागतात, मग १६१० ची सुझाना उघडा आणि लगेच ग्विदो रेनीची लंडनमधली. त्यानंतर ब्रिटिश राजसंग्रहातली आर्तेमिसियाची उशिराची सुझाना शोधा, इंग्लंडची राणी हेन्रिएटा मारिया हिच्यासाठी १६३८-३९ च्या सुमारास केलेली. ती चुकीच्या नावाखाली स्टोअरमध्ये पडून होती आणि तिचीच असल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. पहिल्या सुझानानंतर जवळजवळ तीस वर्षांनी तीच बाई तोच प्रसंग पुन्हा काढतेय, म्हणून हातांकडे आणि म्हाताऱ्यांच्या अंतराकडे झूम करून नीट बघा.